बिनरंगी वाट्या

गालगुंडाला लोक हसतात. गोवर म्हटलं की आई लेकराला पोटाशी धरते, कावीळ म्हटलं की बाप गाडी काढतो, आणि गालगुंड म्हटलं की अख्खं घर हसतं. आमच्याकडे त्याला गालफुगी म्हणतात. पोराचे गाल फुगतात, त्यावर गेरूचा लाल लेप थापतात, वर्गातली पोरं त्याला ‘हुप्प्या’ म्हणून चिडवतात, आठवड्याभरात गाल उतरतात आणि विषय संपतो. मीही हसत होते. या कामात पडले आणि हसणं गेलं.

अनुभव म्हणे निवृत्त माणसांनी लिहायचे असतात. मी निवृत्त नाही, मला पेन्शन नाही, आणि मागे वळून शांतपणे बघायला जे अंतर लागतं तेही माझ्याजवळ नाही. मी पत्रकं काढणारी बाई आहे. उपकेंद्राला कुलूप का, नर्सबाईची बदली कोणाच्या सांगण्यावरून झाली, मुदत संपलेली औषधं कोणाच्या घशात गेली, असलं काहीबाही कॉलेजात असल्यापासून लिहिते, छापते आणि बाजाराच्या दिवशी यवतमाळात उभी राहून वाटते. तेव्हा संपादकांनी ‘जरा संयमानं लिहा’ असं कळवलंय खरं, पण संयमाचं मी काही वचन देत नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. सरकारच्या मोफत लसींमध्ये गोवर आहे, रुबेला आहे. गालगुंड नाही. खासगी दवाखान्यात तिन्हींची मिळून एकच सुई मिळते. ज्याला परवडते त्याचं पोर सुरक्षित, बाकीच्यांनी गेरू लावावा. तर गालगुंडाची लस सगळ्यांना द्यायची का, आणि कोणत्या वयात, हे ठरवण्याआधी बघायचं असतं की आज किती पोरांच्या रक्तात या आजाराशी लढायची ताकद आहे. त्यासाठी आमचं पथक जिल्हाभर फिरत होतं. कोणत्या गावात जायचं ते चिठ्ठी काढल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. गावात कोणत्या घरापासून सुरुवात करायची तेही आपल्या मर्जीनं ठरवायचं नाही, नाहीतर चहा चांगला मिळतो त्याच घरी सगळे जातील. मुलाच्या दंडाला पट्टा बांधायचा, थोडं रक्त नळीत घ्यायचं, ते गोठलं की यंत्रात गरगर फिरवायचं. वर पिवळसर पाणी येतं. ते बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जातं.

रक्त काढायचं काम गजूभाऊंचं. बोट असं हलकं की पोर रडायचं ठरवेपर्यंत कापूस लागलेला असायचा. पत्रकांमुळे गावोगाव ओळख, म्हणून मलाही पथकात घेतलं होतं; माझं काम त्यांच्या आधी गावात जायचं, लोकांना समजवायचं आणि आईबापांची परवानगी मिळवायची. थोडक्यात, शिव्या पहिल्यांदा मी खायच्या.

राजूरला कोळशाची धूळ पदरानं पुसत एक बाई मला म्हणाली, “गाल तपासायले आल्या काय बाई? अन् छाती कोण तपासन? पोट्टे रातभर खोकलून राह्यले.”

“तेही वर सांगते, काकू.”

“वर सांगणारे लय पाह्यले. वरतून खाली कोणी आलेलं नाही पाह्यलं.” एवढं बोलून तिनं आपली दोन्ही पोरं गजूभाऊंपुढं आणून बसवली. त्या बाईचा उपकार मी विसरलेले नाही. तिच्या धुळीचं पत्रक मी नंतर काढलं. वरून अजून कोणी आलेलं नाही.

आर्णीला उलटी तऱ्हा. तिथं घरमालकीण रक्त द्यायला इतकी तयार की आम्हालाच संशय आला. नातवाची नळी भरली तशी ती हळूच म्हणाली, “भाऊ, याच्यातच माही शुगरबी पाहून घ्या न.”

गजूभाऊ म्हणाले, “काकू, हे तुमच्या नातवाचं रक्त हाये.”

“मंग? एकाच घरचं रक्त हाये न थे!”

गजूभाऊ मोटारसायकलवर बसेस्तोवर गंभीर राहिले. नाक्यापर्यंत मात्र त्यांना गाडी सरळ चालवता आली नाही.

असं हसत-खिदळत चाललं होतं. पण या कामाच्या प्रमुख बाईंशी माझं पहिल्या आठवड्यापासून वाजलं होतं. त्या बालरोगतज्ज्ञ, वयानं मोठ्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला ‘पत्रकवाली’ म्हणायच्या.

मी म्हणाले, “मॅडम, आजार आहे, लस आहे, पोरं आहेत. मोजत काय बसायचं? देऊन टाका.”

“अर्ध्या पोरांना दिलीस तर काय होईल?”

“अर्धी वाचतील.”

“चूक. अर्ध्यांना दिली तर आजार मरत नाही, नुसता कमी फिरतो. मग ज्या पोराला तो पाचव्या वर्षी गाठणार होता, त्याला अठराव्या वर्षी गाठतो. पाचव्या वर्षी बहुतेक वेळा गालच फुगतात. अठराव्या वर्षी पोरांच्या अंडकोषाला सूज येते, पोरींच्या पोटात दुखतं, कोणाच्या मेंदूच्या आवरणाला लागतं, कोणाचा कान जातो. द्यायची तर सगळ्यांना, एकदम, न चुकता. आणि आज मोठ्या पोरांमध्ये कोण उघडं पडलंय ते आधी माहीत पाहिजे. नाहीतर आपणच आजाराला मोठ्या पोरांचा पत्ता दिला, असं होईल.”

ज्याच्यापुढं उत्तर सुचत नाही त्याचा मला राग येतो, म्हणून मी पुढचे चार दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही. पण त्यांचं ते ‘उघडं पडलंय’ डोक्यात बसलं. आता कोणतंही पोर दिसलं की मनात यायचं, हे झाकलेलं की उघडं?

मग चिठ्ठीत महागाव तालुक्यातला तांडा निघाला. नाव लिहीत नाही, त्यांना पुष्कळ झालंय. बंजारा लोकांचा तांडा. पूर्वी यांचे पूर्वज बैलांवरून माल वाहत मुलूखभर फिरायचे, आता थोडी शेती आणि बाकीचं वर्ष ऊसतोड. दिवाळी झाली की जोडपी पश्चिमेकडे कारखान्यांवर जातात, होळीला परत येतात. आम्ही गेलो तेव्हा निम्म्या दारांना कुलूप. मागे राहिलेले म्हातारे, आणि त्यांच्याजवळ शाळेसाठी ठेवलेली पोरं.

तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक. खाटेवर बसून त्यांनी माझं सगळं भाषण ऐकलं आणि म्हणाले, “आतापावतर मत मागायले येत होते. आता रक्त मागायले आले. उद्या काय मागसान बाई?”

मागे जमलेल्या बायका हसल्या. पण त्या हसण्यात दार लावल्याचा आवाज होता. मी पुन्हा सुरुवात करणार तेवढ्यात एक पोरगी पुढं आली. ट्रॅकपँट, पायात झिजलेले बूट, घामेजलेली. नायकांची नात, काजल. पोलीस भरतीची तयारी करत होती. बारावी होत आली होती, अठरा पूर्ण झाले की फॉर्म भरणार होती. तांड्यातून आजवर एकही पोरगी खाकीत गेली नव्हती, आणि पहिली आपणच जाणार हे तिनं सगळ्या तांड्याला सांगून ठेवलं होतं.

“ताई, हे रक्त भरतीच्या मेडिकलमंदी घेतात तसंच न?”

“त्याहून कमी.”

“मंग घ्या माहं.” ती मांडी घालून गजूभाऊंसमोर बसली आणि बाही वर सारली. तिची याडी, म्हणजे आई, पोरीच्या बारावीसाठी यंदा फडावर गेली नव्हती. ती दारातूनच ओरडली, “काजल! बापाले इचारलं का?”

“बापानं तुले इचारलं होतं का, मले बारावीत ठेवाले?” काजल म्हणाली. सगळा तांडा हसला, परवानगीच्या कागदावर अंगठा देताना याडीही हसली. यावेळचं हसणं वेगळं होतं. काजलच्या मागून पोरांची रांग लागली, कागदांवर आजी-आजोबांचे अंगठे.

परतताना मी गाडीत मॅडमशी भांडले. नियम असा की कुलूपबंद घरी पुन्हा एकदा जायचं, तरी बंद असेल तर सोडून पुढं जायचं. मी म्हणाले, “जे चार-पाच महिने उसाच्या फडात पालाखाली राहतात त्यांचीच पोरं आपण मोजत नाही. आणि मग अहवालात लिहू की जिल्ह्याची स्थिती अशी-अशी आहे. कोणाच्या जिल्ह्याची?” मॅडमनी पिशवीतून वही काढली. त्या म्हणाल्या, “होळीनंतर त्यांच्यासाठी पुन्हा येऊ. लिहून ठेवते.” मी जिंकले होते, तरी बरं वाटलं नाही.

प्रयोगशाळेत हे पाणी एका प्लास्टिकच्या तबकात टाकतात. तबकात ओळीनं इवल्या-इवल्या वाट्या असतात. एका वाटीत एका पोराचं पाणी. त्यावर औषधं घालतात आणि थांबतात. रक्तात ताकद असेल तर वाटी पिवळी होते. जितकी जास्त ताकद, तितका गडद रंग. ताकद नसेल तर वाटी पाण्यासारखी राहते. नावं नसतात, नुसते आकडे. एका दुपारी मॅडमनी मला बोलावलं आणि दोन तबकं पुढं ठेवली. राजूरचं तबक झेंडूच्या फुलांसारखं दिसत होतं. मोजक्या वाट्या सोडल्या तर सगळं पिवळं. दुसऱ्यात मधूनमधून एखादी पिवळी वाटी, बाकी सगळ्या स्वच्छ. त्यातून खालचा टेबलाचा कागद दिसत होता.

“हा तुझा तांडा,” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे गेल्या खेपेला साथ आली तेव्हा बहुतेक हे बाहेर असतील, किंवा ती यांच्यापर्यंत पोचलीच नाही. लस तर नाहीच. उघडे आहेत सगळे. मोठी पोरंसुद्धा.”

आकडे ओळीनं होते. पहिला नंबर कोणाचा होता ते मला माहीत होतं. मी पहिल्या वाटीकडे बघितलं. ती स्वच्छ होती.

खोटं कशाला, त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. कुठल्याशा साहेबाची वाटते तसली नाही, पत्रकं वाटताना पोलिसांनी अडवलं की वाटते तसलीही नाही. तिथं कोणावर तरी ओरडता येतं. इथं ओरडायचं कोणावर? पोरं खेळत होती, धडधाकट होती. फक्त मला माहीत होतं की त्यांच्यामध्ये आणि आजारामध्ये काहीच नाही. आणि होळी जवळ येत होती. फडाफडांतून, कारखान्याकारखान्यांवरून माणसं घरी यायची होती.

मॅडमकडे लस मागितली. त्या म्हणाल्या, “मला मंजुरी मोजायची आहे, टोचायची नाही. वर पत्र टाकलंय.” वरून उत्तर आलं, अंतिम अहवाल येऊ द्या. मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं, ‘रक्त नेलंत, आता लस द्या.’ मॅडम म्हणाल्या, “छाप. पण हे बाहेर गेलं की उद्यापासून एकही गाव दार उघडणार नाही, आणि मोजणी अर्ध्यावर राहिली की लस आणखी दोन वर्षं मागे.” त्या घाबरवत नव्हत्या. त्या स्वतःच घाबरल्या होत्या. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

मी तांड्यात गेले. नायकांना सरळ सांगितलं की तुमच्या पोरांच्या रक्तात या आजाराची ताकद नाही, होळीला येणाऱ्यांपैकी कोणाचा गाल सुजला असेल तर त्याला वेगळं ठेवा, त्याचा तांब्या वेगळा करा. आणि काजलला बाजूला घेऊन म्हणाले, “तू उद्या माझ्याबरोबर यवतमाळला चल. खासगीत सुई टोचून घेऊ.”

“सगळ्याईले?”

“सगळ्यांचं नाही जमणार गं. तुझं तरी.”

“ताई, मी पयला हात पुढं केला म्हणून सगळ्याईनं केला. आता मीच चोरून सुई टोचून येऊ? उद्या कोणाचं पोट्टं बिमार पडलं तं त्याच्या मायले काय तोंड दाखवू?”

“भरती आहे तुझी.”

“भरती हाये म्हणूनच म्हणून राह्यली. वर्दीवाल्यानं अगुदर सोताचं पाहाचं का?”

तिला समजवण्यासाठी माझ्याजवळ शब्द होते. एवढी वर्षं शब्दांचंच काम केलंय. पण प्रत्येक शब्द माझ्याच पत्रकांच्या विरुद्ध जात होता. लस सगळ्यांना हवी, एकट्यादुकट्याला नको, हे मीच छापत आले होते. ते वाक्य माणसाच्या तोंडून परत येतं तेव्हा किती जड असतं हे मला तेव्हा कळलं. तिची याडी चुलीजवळून ऐकत होती. ती म्हणाली, “होळी होऊ द्या. मंग पाहू.”

बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटते. आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं, राख तापलेली होती आणि लेंगी, म्हणजे होळीची गाणी, जोरात होती. सगळी कुलपं निघाली होती. अंगणं माणसांनी भरली होती. आणि मी बघतच राहिले. सगळ्यांचे चेहरे लाल, गुलाबी. गेरूचा लेप कोणता आणि रंग कोणता, काही कळेना. वर्षभरात फक्त याच दिवशी तांड्यातला सुजलेला गाल लपतो, आणि मी तो शोधायला याच दिवशी आले होते.

थोड्या वेळानं धुंड सुरू होणार होती. वर्षात जन्मलेल्या बाळाला आई मांडीवर घेऊन बसते, तांड्यातली जवान पोरं, त्यांना गेरिया आणि त्यांच्या मेळ्याला गेर म्हणतात, बाळाच्या डोक्यावर काठ्या धरून आशीर्वाद म्हणतात. मग गोडधोडाच्या भांड्यासाठी पोरं तुटून पडतात आणि बाया त्यांना काठ्यांनी बडवतात. एकच झुंबड, एकाच भांड्यातलं खाणं. मी मॅडमना फोन लावला.

“चेहरे ओळखू येत नाहीत.”

“लिंबू आहे का जवळ? चाखायला दे. लाळेच्या ग्रंथी सुजल्या असतील तर आंबटानं कानाखाली कळ येते. लपवता येत नाही.”

गजूभाऊंनी कुठूनतरी लिंबं आणली. मी नायकांपुढं गेले. ते म्हणाले, “होळीले घरी आलेल्या माणसाले रिंगणाबाहेर ठेवाचं? असं होत नसते बाई. सुतकातला माणूसबी होळीले येते.”

“नायकबाबा, मांडीवर बाळं आहेत. बाजूला त्यांच्या मोठ्या बहिणी आहेत. मी त्यांचं रक्त बघितलंय.”

त्यांनी बाळांकडे बघितलं. मग माझ्या हातातलं लिंबू घेतलं, आपल्याच चाकूनं चिरलं, आधी स्वतः चोखलं, तोंड वाकडं केलं आणि उठून ओरडले, “लिंबू चाखल्याबिगर गेरात कोणी नाही!”

पोरांना मजा वाटली. एक नायकांना म्हणाला, “दादा, उतरवून राह्यले का आमची?”

“चढली असन तं उतरन. चाख.”

एकेक जण पुढं येत होता, चोखत होता, डोळे मिचकावत होता, आणि सगळे हसत होते. मग विनोद नावाचा पोरगा आला. काजलचा चुलतभाऊ, कालच संध्याकाळी फडावरून आलेला, पोरांचा पुढारी. त्यानं ऐटीत फोड तोंडात घातली आणि पुढच्या क्षणी कानाखाली हात दाबून मटकन खाली बसला. हसणं एकदम थांबलं नाही. मागच्यांना दिसत नव्हतं, ते हसतच होते. त्याच्या मागून तशीच कळ येणारे आणखी काही जण निघाले.

नायकांनी त्या पोरांना तांड्याबाहेर काढलं नाही. आपल्याच दारातल्या खाटांवर बसवलं, त्यांची ताटं-तांबे वेगळे केले. “इथून पाहा धुंड. तुमी घरातच हा, फक्त गेरात नाही.” विनोद रागानं रडत होता. मला वाईट वाटलं नाही. मला तेव्हा वाईट वाटायला सवडच नव्हती.

काजल बायांच्या रांगेत काठी घेऊन उभी होती. तिनं फोड चोखली, पुन्हा हात पुढं केला. “काही नाही होत ताई. अजून दे.”

मी तिच्या हातावर आणखी एक फोड ठेवली. ती हसत म्हणाली, “विनोदभिया काल आला तं पाणी मीच देलं त्याले. त्याच्या तांब्यातलं उरलेलं मीच पेली, एवढी तहान लागली होती पळून आल्यावर. पाहा, मले काही झालं का?”

मी पुन्हा फोन लावला. मॅडम म्हणाल्या, “गाल सुजायच्या आधीपासूनच माणूस हा आजार दुसऱ्यांना वाटत असतो. आणि लागला असेल तर लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवडे वाट बघावी लागते.”

“आता लस दिली तर?”

“लागला असेल तर लस त्याला आता थांबवत नाही.”

“मग आजच्या लिंबाचा काय उपयोग?”

“ज्यांना आज लागला असता, त्यातले काही वाचले. ते कोण ते तुला-मला कधी कळणार नाही.” आणि मग माझ्या न विचारलेल्या प्रश्नाला म्हणाल्या, “वाट बघ.”

वाट बघणं म्हणजे काय ते सांगते. काजल रोज सकाळी पळून आली की मला फोटो पाठवायची. एक डावा गाल, एक उजवा. खाली लिहायची, ‘गाल हाजिर!’ मी दात घासता घासता फोटो मोठा करून बघायचे, कानाखालची रेघ कालच्यासारखीच आहे ना ते तपासायचे. फोटो आला की मला भूक लागायची. तांड्यात पोरं एकामागून एक पडत होती. नळावर बायका बोलू लागल्या, “रक्त नेलं अन् रोग ठेवून गेली.” नायक त्यांना म्हणाले म्हणे, “रोग फडावरून आला. फडावर तुमी कोणाच्या पायी गेल्या, त्याले शिव्या द्या.”

मग एका सकाळी फोटो आला नाही.

तिचे दोन्ही गाल सुजले होते, ताप चढला होता, मानेतून कळा येत होत्या. मॅडम स्वतः गेल्या, चार दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. ताप उतरला, गाल उतरले. तिनं मला फोटो पाठवला, ‘गाल परत ड्युटीवर.’ मी त्या दिवशी पेढे आणले. दोन दिवसांनी तिचा फोन. “ताई, डाव्या कानात सूंऽऽ करून राह्यलं. पाणी गेलं असन का?”

पाणी नव्हतं. यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला बंद खोलीत बसवलं, कानांना यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाब म्हणाले. काचेतून मला ती दिसत होती. उजव्या कानाच्या वेळी तिचं बोट सारखं हलत होतं. मग ते थांबलं. ती बटणावर बोट ठेवून, डोळे मोठे करून, आवाज कधी येतो याची वाट बघत बसली होती. शहाण्या विद्यार्थ्यासारखी. आत आवाज चालूच होता. यंत्रावरचा दिवा बघून मला ते कळत होतं, तिला कळत नव्हतं.

“येईल का परत?” मी डॉक्टरांना विचारलं. औषध दिलं, पण त्यांनी मान नकारार्थीच हलवली.

बाहेर आल्यावर काजलनं विचारलं, “मेडिकलमंदी कळन का?”

“कळेल. दोन्ही कान वेगवेगळे तपासतात.”

तिची याडी बरोबर होती. बाटलीतलं पाणी मला देऊन म्हणाली, “प्या. सकाळपासून उपाशी हा तुमी.” नळावरच्या बायकांनी दिलेल्या शिव्या मी पचवल्या होत्या. ती बाटली मी तशीच भरलेली घरी आणली.

साथ ओसरल्यावर पथक पुन्हा तांड्यात गेलं, यावेळी फडावरून आलेल्यांसह. मॅडमनी शब्द पाळला. तबक मी बघितलं. वाट्या पिवळ्या झाल्या होत्या, राजूरपेक्षाही गडद. शास्त्राच्या भाषेत तो तांडा आता चांगला संरक्षित आहे. काजलही संरक्षितांत मोजली गेली. शास्त्राची भाषा खोटी नाही, यावर माझं मॅडमशी आता भांडण नाही. त्या वाटीला रंग कशानं आला, त्याला अहवालात जागा नाही, एवढंच. मॅडमनी शेवटी स्पष्ट लिहिलंय, लस मोफत द्या, सगळ्यांना द्या, मोठ्या मुलांनाही एकदा द्या, आणि कुलूपबंद घरांची वाट बघा. अहवाल वर गेला आहे. मी माझं पत्रक छापलं आहे. वर म्हणजे नेमकं कुठं, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी हा लेख तिकडे नेऊन टाकावा.

काजलनं पळणं सोडलेलं नाही. भरती निघेल तेव्हा फॉर्म भरणार म्हणते. “पळायले कान लागत नाही.” डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की एक कान गेला की आवाज ऐकू येतो, पण कुठून येतो ते समजत नाही. मी ते ऐकून घेतलं होतं, नुसतं. मग गेल्या महिन्यात मी तांड्यात मुक्कामाला होते. ती सकाळी महागावच्या रस्त्यानं पळत होती आणि मी मागे फाट्यावर उभी होते. मागून कापसाचा ट्रक आला. त्यानं हॉर्न दिला. काजल दचकली आणि बाजूला झाली, ट्रकच्याच बाजूला. ड्रायव्हरनं गाडी कशी वळवली ते त्यालाच ठाऊक. शिव्या देत तो निघून गेला. काजल रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्हीकडे बघत होती.

आता मी महागावलाच खोली घेतलीय आणि रोज तिच्या डाव्या बाजूनं पळते. मला पळता येत नाही. पहिल्याच वळणावर माझ्या बरगडीत कळ येते, आणि ती म्हणते, “ताई, तू पत्रकंच काढ. हे तुह्या बापाच्यानंबी होणार नाही.” मी तिला म्हणते, तोंड बंद कर आणि पळ. मागून हॉर्न वाजतो. ती रस्त्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघते. मी हात करते, इकडे हो. ती त्या हातावर विश्वास ठेवून बाजूला होते, आणि गाडी निघून जाईपर्यंत मी श्वास घेत नाही.